स्टिकला सही येत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे एक रिलीज होता, मग घरात लग्न निघालं, वीकांत कसे गेले कळलंच नाही. आजचा विषय त्या लग्नातूनच आलाय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

चुलतबहिणीचं लग्न. मुलाकडचे कोल्हापूरचे, त्यामुळे आमची अख्खी फौज तिकडे एका हॉटेलात उतरलेली. बरोबर आजी. वय ८३, गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला, त्यामुळे संगीत-बिंगीत प्रकारांना तिने आधीच सांगून टाकलं होतं, "तुम्ही जा, मी खोलीत पडते." पण रात्री तिला तिच्या दोन मालिका लागतात. त्या बघितल्याशिवाय तिला झोप येत नाही, आणि तिला झोप आली नाही तर इतर कुणालाही येत नाही. हॉटेलच्या टीव्हीवर नेमकं ते चॅनेल नव्हतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "आजी, काळजी करू नकोस. मी घरची स्टिक आणलीय."

फोन हॉटेलच्या वायफायला एका मिनिटात लागला. रूम नंबर, मोबाईल नंबर, ओटीपी, 'मी सर्व अटी वाचल्या आहेत' (हो हो, वाचल्या!) आणि झालं. लॅपटॉपचंही तेच. मग स्टिक टीव्हीला खोचली. नेटवर्क दिसलं, जोडलं गेलं, आणि खाली ओळ आली : कनेक्टेड, पण इंटरनेट नाही. पुन्हा केलं, रीस्टार्ट केलं, पुन्हा तीच ओळ. चाळीस मिनिटं हा खेळ चालला. आजी शांतपणे बघत होती, आणि तो शांतपणाच जास्त बोचत होता. शेवटी बाबा बोलले. बाबा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत, आयुष्य काउंटरच्या पलीकडच्या बाजूला गेलेलं. म्हणाले, "अरे, सोपं आहे. खातं उघडलंय, पण सहीचा नमुना दिलेला नाही. कॅशियर पैसे कसे देईल?"

आधी राग आला. मग लक्षात आलं की इतक्या कमी शब्दांत मला हे कुणाला समजावता आलं नसतं!

हॉटेलचं वायफाय तुम्हाला ओळखतच नाही. नाव, रूम नंबर, मोबाईल हे सगळं ते एकदाच विचारतं आणि बाजूला ठेवून देतं. त्यानंतर ते ओळखतं फक्त एक आकडा. फोन, लॅपटॉप, स्टिक, ज्याला ज्याला नेटवर्कची चिप आहे त्या प्रत्येकाला ४८ बिटांचा एक आकडा असतो, त्याला आपण मॅक अ‍ॅड्रेस म्हणतो. तुम्ही लॉगिन केलंत की हॉटेलच्या दारावरचा संगणक, म्हणजे गेटवे, आपल्या वहीत लिहून ठेवतो : हा आकडा, रूम ३०४, उद्या अकरापर्यंत सोडायचा. वहीत नसलेला आकडा आला की त्याला अडवायचं आणि लॉगिनचं पान दाखवायचं. माझ्या फोनचा आकडा वहीत होता, स्टिकचा नव्हता. आणि लॉगिनचं पान स्टिकला दाखवून उपयोग नव्हता, कारण आमच्या त्या जुन्या स्टिकमधे ते पान उघडायला ब्राउजरच नव्हता. सही घ्यायला कारकून तयार आहे, पण समोरच्याला हातच नाहीत.

हा आकडा आला कुठून, ही गोष्ट मला सगळ्यात आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२२ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफने एक टिपण लिहिलं. इमारतीतले संगणक एकमेकांना एकाच सामायिक तारेने कसे जोडता येतील याबद्दलचं. तिथून इथरनेट जन्माला आलं. त्या पहिल्या प्रायोगिक इथरनेटमधे संगणकाचा पत्ता होता फक्त ८ बिटांचा. म्हणजे जास्तीत जास्त २५६ पत्ते. एका इमारतीला किती लागणार? झालं की!

१९८० साली झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचं जे मानक काढलं त्यात मात्र हा पत्ता ८ वरून एकदम ४८ बिटांवर गेला. १६ नाही, ३२ नाही, एकदम ४८! ज्या काळात मेमरीचा एकेक बाइट मोजून वापरला जायचा त्या काळात ही उधळपट्टीच वाटली असणार. त्यामागचा विचार १९८१ सालच्या एका शोधनिबंधात मांडलेला आहे, आणि त्याच्या दोन लेखकांपैकी एक आहेत योगेन दलाल. दलाल आयआयटी मुंबईचे, १९७२ चे पदवीधर. पवईहून थेट स्टॅनफर्डला गेले. तिथे व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांनी डिसेंबर १९७४ मधे टीसीपीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याच्या पायाच्या दगडांवर पवईतून गेलेल्या माणसाचं नाव आहे, आणि चार वर्षं इंजिनियरिंग करून मला हे कॉलेजात कुणी सांगितलं नाही. असो.

तर दलाल आणि त्यांचे सहलेखक रॉबर्ट प्रिंटिस यांचं म्हणणं साधारण असं. पत्ता दोन प्रकारे देता येतो. एक, 'तिसरा मजला, डावीकडची खोली'. यंत्र हललं की पत्ता बदलला, नव्या जागी पुन्हा कुणाकडे तरी नंबर मागायचा, आणि दोघांना एकच नंबर गेला की गोंधळ. दुसरा प्रकार म्हणजे यंत्राला कारखान्यातच असं नाव द्यायचं की जे जगात दुसऱ्या कुणाचंच नसेल. मग ते यंत्र उचलून कुठेही न्या, कुणाला काही विचारायची गरज नाही. ४८ बिटांतले पहिले २४ बिट कंपनीचे, उरलेले २४ कंपनीने आपापल्या मालावर क्रमाने टाकायचे. २ चा ४८ वा घात म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. संपायची भीती नाही.

कल्पना सुंदरच आहे. पण लक्षात घ्या, हे नाव आहे, ओळखपत्र नव्हे. ते गुप्त नाही. वायफायवर प्रत्येक पॅकेटबरोबर ते उघड्यावर ओरडून सांगितलं जातं, पासवर्ड असलेल्या नेटवर्कवरसुद्धा. आणि बहुतेक यंत्रांत ते सॉफ्टवेअरमधून बदलताही येतं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं होतं, तो कनेक्शन घरच्या पीसीच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवायचा. पीसी बदलला की त्याला फोन करायचा, तो दोन दिवसांनी उचलणार. मग कुणीतरी शोध लावला की राउटरमधे 'क्लोन मॅक अ‍ॅड्रेस' असं बटणच असतं. जुन्या पीसीचा आकडा राउटरला द्यायचा, केबलवाल्याला वाटतं तोच पीसी आहे. राउटर बनवणाऱ्यांनी हे बटण दिलंय म्हणजे ही डोकेदुखी जगभर होती!

मग हॉटेलवाल्यांनी असल्या कच्च्या आकड्यावर सगळा कारभार का उभारला? त्यासाठी नव्वदीच्या दशकातल्या हॉटेलात जायला हवं.

तेव्हा हॉटेलातलं इंटरनेट म्हणजे खोलीतल्या फोनच्या बाजूला एक जास्तीचं भोक. त्यात मोडेमची वायर खोचायची, नंबर फिरवायचा आणि फोनचं बिल भरायचं. हॉटेलला हे परवडायचं, कारण खोलीतल्या फोनवर ते भरपूर पैसे लावत. (आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, त्यामुळे ही सगळी गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली.) पुढे खोलीखोलीत नेटवर्कची वायर यायला लागली. पण तिथे एक वेगळीच अडचण. त्या काळी ऑफिसच्या लॅपटॉपमधे पत्ता, प्रॉक्सी, सगळं आयटीवाल्याने हाताने भरलेलं असे. हॉटेलात वायर लावली की लॅपटॉप ऑफिसचं नेटवर्क शोधत बसायचा. ते तिथे नसायचंच. साहेब रात्री अकरा वाजता रिसेप्शनला फोन करून ओरडणार, आणि रिसेप्शनवरच्या बिचाऱ्याला आयपी म्हणजे काय तेही माहीत नाही.

हा प्रश्न ज्यांनी उचलला त्यांत होते लिओनार्ड क्लाइनरॉक. नाव ओळखीचं वाटत असेल. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अर्पानेटवरचा पहिला संदेश लॉस एंजलिसमधल्या त्यांच्याच प्रयोगशाळेतून गेला होता. 'लॉगिन' टाइप करायचं होतं, 'एल' आणि 'ओ' गेलं आणि पलीकडचा संगणक कोसळला. तेच क्लाइनरॉक नव्वदीच्या मध्यात 'भटक्या' संगणकांबद्दल लिहीत होते : माणूस फिरता असेल तर त्याचं नेटवर्क त्याच्याबरोबर कसं फिरेल? १९९८ साली त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी जोएल शॉर्ट याने नोमॅडिक्स ही कंपनी काढली आणि हॉटेलांसाठी एक डबा तयार केला.

हा डबा मोठा गोड खोटारडा होता. लॅपटॉपने विचारलं, "ऑफिसचा गेटवे कुठाय?" की डबा म्हणणार, "मीच तो." "प्रॉक्सी कुठाय?" "तोही मीच." लॅपटॉपमधलं काहीही न बदलता साहेबांचं इंटरनेट चालू. आणि सगळं आपल्याकडूनच जातंय म्हटल्यावर पुढची पायरी आपसूक आली : पहिलं पान उघडायला गेलात की मागितलेल्या पानाऐवजी हॉटेलचं पान द्यायचं, रूम नंबर घ्यायचा, बिलात पैसे लावायचे. यालाच पुढे कॅप्टिव्ह पोर्टल म्हणायला लागले. नोमॅडिक्स एकटी नव्हती, आणखीही कंपन्या होत्या, पण पद्धत सगळ्यांची साधारण हीच.

आता त्या अभियंत्यांच्या जागी बसून बघा. दारावर आलेल्या पाहुण्याला ओळखायचंय. त्याच्या लॅपटॉपमधे आपलं कुठलंही सॉफ्टवेअर टाकता येत नाही. आयपी तर आपणच वाटलेला, उद्या दुसऱ्याला जाईल. मग कायमचं, जगात एकमेव आणि न विचारता मिळणारं त्याच्याकडे काय आहे? तो ४८ बिटांचा आकडा! मी असतो तर मीही तोच उचलला असता. त्यांचं गृहीतकही चुकीचं नव्हतं : पाहुणा म्हणजे माणूस, त्याच्याकडे लॅपटॉप, लॅपटॉपवर ब्राउजर, आणि ब्राउजर उघडला की तो काहीतरी साधं एचटीटीपी पान मागणार. १९९८ साली यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. नंतरच्या पंचवीस वर्षांत एकेक करून खोटं ठरत गेलं, आणि आपल्या खोलीतली बहुतेक डोकेदुखी म्हणजे त्या वाक्यांचा राडारोडा आहे.

पहिलं मोडलं ते 'साधं पान'. पोर्टलची सगळी मदार फसवणुकीवर. तुम्ही एका साइटकडे जाता आणि मधलाच कुणीतरी त्या साइटचं सोंग घेऊन उत्तर देतो. हल्लेखोर करतो ते हेच. त्यामुळे हल्लेखोराला अडवायला जे जे केलं गेलं त्याने हॉटेलवालाही अडला. एचटीटीपीएसमधे समोरच्याने प्रमाणपत्र दाखवावं लागतं. ते हॉटेलच्या डब्याकडे कुठून येणार? मग लाल अक्षरांतला धोक्याचा इशारा. डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टने प्रमाणपत्रं सगळ्यांना फुकट वाटायला सुरुवात केली, जुलै २०१८ पासून क्रोम साध्या पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला, आणि बघता बघता जवळजवळ सगळं जाल कुलुपात गेलं. जगाच्या दृष्टीने उत्तम झालं. पण हॉटेलात बसून लॉगिनचं पान यावं म्हणून मुद्दाम एखादी जुनाट, कुलूप नसलेली साइट आठवायची पाळी आली. आजही 'नेव्हर एसएसएल' नावाची एक साइट आहे, तिचं आयुष्यातलं एकमेव काम म्हणजे कुलूप न लावणं. :-)

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी यावर तोड काढली ती माझ्या आवडीची. चोराला पकडायला खोटी नोट ठेवतात तशी. वायफाय जोडलं की तुमचा आयफोन गुपचूप अ‍ॅपलच्या एका साध्या पानाकडे जातो, त्या पानावर 'सक्सेस' एवढाच शब्द असतो. तो आला तर रस्ता मोकळा. दुसरंच काही आलं तर मधे कुणीतरी आहे, मग ते पान खिडकीत उघडून दाखवायचं. अँड्रॉइड असंच एक पान मागतो, त्याचं उत्तर कोरं यायला हवं, कोड २०४. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टही एक इवलीशी टेक्स्ट फाइल मागून बघतं. म्हणजे तुम्ही वायफायला जोडता तेव्हा हॉटेल तुमच्या फोनशी खोटं बोलतं, आणि ते खोटं बोलतंय का हे पाहायला फोन खोटा प्रश्न विचारतो!

सरळ मार्ग नव्हता असं नाही. एप्रिल २०१२ मधे एचटीटीपीला ५११ हा नवा कोड मिळाला, अर्थ : 'आधी नेटवर्कला ओळख द्या'. म्हणजे सोंग न घेता स्पष्ट सांगा की मी हॉटेलवाला आहे. मी कामानिमित्त बरीच हॉटेलं पालथी घातलीत आणि सवयीने प्रत्येक ठिकाणी काय येतं ते बघतो. हा आकडा आजवर एकदाही दिसलेला नाही. डिसेंबर २०१५ मधे आणखी एक प्रयत्न झाला. वायफायला जोडताना आयपी मिळतो त्याच चिठ्ठीत पोर्टलचा पत्ताही देऊन टाकायचा, डीएचसीपीच्या १६० नंबरच्या रकान्यात. नंतर कळलं की तो रकाना पॉलिकॉमचे फोन आधीपासून स्वतःच्या कामाला वापरत होते! म्हणून सप्टेंबर २०२० मधे दुरुस्ती होऊन तो ११४ वर गेला. पाच वर्षं गेली त्यात. फोनवाल्यांनी ते घेतलंय, हॉटेलवाले... जाऊ द्या. एकदा भिंतीवर बसवलेला डबा चालू आहे तोवर कोण बदलतो?

मग मोडलं दुसरं वाक्य, पाहुण्याकडे ब्राउजर असतो हे. २४ जुलै २०१३ ला गूगलने ३५ डॉलरचं क्रोमकास्ट आणलं. अंगठ्याएवढी गोष्ट, ना पडदा, ना रिमोट. घरी झकास. पण हॉटेलात तिला दुहेरी मार. एक तर पोर्टलवर सही करता येत नाही. आणि समजा कशीतरी करवली, तरी फोनने तिला शोधायला दोघं एकमेकांना दिसायला हवेत. हॉटेलचं नेटवर्क मात्र पाहुण्यांना एकमेकांपासून मुद्दाम तोडून ठेवतं, आणि ते योग्यच आहे. नाहीतर ३०४ मधल्या पोराने ३०५ च्या टीव्हीवर मध्यरात्री काहीही लावावं! २०१५ च्या आसपास रोकू आणि अ‍ॅमेझॉनने आपापल्या उपकरणांत हॉटेल-हॉस्टेलच्या लॉगिनची सोय केली. आज नवीन स्टिक घेतलीत तर बहुतेक वेळा पोर्टलचं पान टीव्हीवरच येतं आणि रिमोटने एकेक अक्षर टिपत बसावं लागतं. आमची स्टिक त्याआधीच्या पिढीतली, आणि आजीला तिची सवय झालेली, त्यामुळे बदलायचा प्रश्नच नव्हता.

हे सगळं सुधारायची हॉटेलांना घाई का नव्हती, याचं एक उत्तर पैशात आहे. ऑक्टोबर २०१४ मधे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने मॅरियटला ६ लाख डॉलर भरायला लावले. नॅशव्हिलच्या त्यांच्या हॉटेलात लोकांनी आपल्या फोनवरून सुरू केलेले हॉटस्पॉट हॉटेलची यंत्रणा तोडून टाकत होती, आणि त्याच वेळी परिषदेला आलेल्यांकडून हॉटेलच्या वायफायसाठी एका उपकरणामागे २५० ते १००० डॉलर घेतले जात होते. तोडायचं कसं, तर हॉटस्पॉटच्या नावाने फोनला खोटा निरोप पाठवायचा, "जोडणी संपली". पुन्हा खोटंच! हॉटेलवाल्यांचं म्हणणं होतं की सुरक्षेसाठी केलं. आयोगाने ते मानलं नाही.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिचं मूळ पैशात नाही. २६ जुलै २००८, अहमदाबादचे स्फोट. त्याआधी काही मिनिटं आलेला धमकीचा मेल तपासात पोहोचला नवी मुंबईतल्या एका घरापर्यंत. घरातल्या माणसाचा संबंध नव्हता, त्याचं वायफाय उघडं होतं, एवढंच. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मधे दूरसंचार विभागाने सूचना काढल्या : वायफाय उघडं ठेवायचं नाही, सार्वजनिक ठिकाणी वापरणाऱ्याची ओळख नोंदवायची, ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाईलवर पासवर्ड पाठवून. आपला ओटीपी इथून आला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी घाईघाईने राउटरला पासवर्ड लावले आणि मग शेजाऱ्यांना वाटले, एवढं आठवतंय.

त्यामुळे आपल्या हॉटेलातलं पोर्टल म्हणजे बिल कमी आणि रजिस्टर जास्त. अमेरिकेतून आलेल्या माझ्या मित्राकडे इथला नंबर नव्हता, तर रिसेप्शनवरच्या मुलाने स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन त्याला जोडून दिलं. माणुसकी म्हणून शंभर मार्क. पण त्या रात्री मित्राने जे काही केलं ते सरकारदरबारी त्या मुलाच्या नावावर! आणि मुळात नोंद होते ती माणसाला चिकटवलेल्या एका आकड्याची, जो आकडा हवेतून कुणीही ऐकून स्वतःला लावू शकतो. ही व्यवस्था साध्या माणसाला अडवते. ज्याला खरंच काही वाईट करायचंय त्याला ती किती अडवत असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.

त्यात गेल्या काही वर्षांत फोनच आपला आकडा खोटा सांगायला लागलेत. कारणही सबळ. ऑगस्ट २०१३ मधे लंडनच्या रस्त्यांवर एका कंपनीच्या कचराकुंड्या (हो, कचराकुंड्याच!) येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक अ‍ॅड्रेस टिपून ठेवताना सापडल्या. कोण कधी गेलं, पुन्हा कधी आलं, सगळी नोंद. बोंब झाली, ते बंद करावं लागलं. २०१४ मधे आयओएस ८ ने आजूबाजूची नेटवर्कं शोधताना खोटा आकडा सांगायला सुरुवात केली. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने आणि २०२० च्या आयओएस १४ ने तर जोडतानाही प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट आकडा द्यायचा, हे नेहमीचंच करून टाकलं. तुमचा फोन आत्ता काय सांगतोय ते बघा : वायफायच्या माहितीत मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट आहे. हे आकडे कारखान्याचे नाहीत हे सांगणारा एक बिट पत्त्यात राखून ठेवलेला असतो, तोच इथे वापरतात.

तर कारखान्यात एकदाच मिळणारं, जगात एकमेव, कायमचं नाव ही जी कल्पना होती ती चाळीस वर्षांत अशी उलटी फिरली. स्टिक मात्र अजून जन्माचं नाव प्रामाणिकपणे सांगते, आणि दारात अडते.

आता मूळ मुद्दा, आजीची मालिका. तुमच्यातले हुशार लोक केव्हाचे म्हणत असतील, "अरे, फोनचा हॉटस्पॉट दे की!" दिला असता. पण फोन माझ्याबरोबर संगीताला जाणार होता (ढोलकीची गाणी माझ्याच फोनमधे), आणि खोलीत मोबाईलचं नेटवर्क एक दांडी. स्टिकचा आकडा लॅपटॉपला लावून लॅपटॉपवरून लॉगिन करायचं आणि मग स्टिक जोडायची, हाही एक जुना उपाय आहे, म्हणजे स्टिकच्या वतीने आपण अंगठा द्यायचा. तो चालतो, पण सगळ्या वायफाय कार्डांना आकडा बदललेला आवडत नाही.

मी शेवटी सोपं केलं. लॅपटॉपने हॉटेलात लॉगिन करायचं आणि स्वतःचं वेगळं वायफाय सोडायचं, विंडोजमधे 'मोबाईल हॉटस्पॉट' म्हणून ही सोय असते. स्टिक त्या वायफायला जोडायची. हॉटेलला दिसतो एकच आकडा, लॅपटॉपचा, ज्याची सही झालेली आहे. मागे कितीही उपकरणं असोत. एका पत्त्यामागे अख्खं घर लपवायची ही युक्ती म्हणजे नॅट, मे १९९४ मधे आयपी पत्ते पुरेनात म्हणून तात्पुरता उपाय म्हणून मांडलेली. तात्पुरती! ऑफिसच्या लॅपटॉपवर ही सोय आमच्या आयटीने बंद करून ठेवलीय, म्हणून चुलतभावाचा लॅपटॉप ताब्यात घेतला. हे चोरटेपण आहे का? हॉटेलचा नियम होता एका रूममागे दोन उपकरणं. माझ्या मते भाडं रूमचं दिलंय, आत आजी बघते की मी, हा हॉटेलचा प्रश्न नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आता काही मोठ्या हॉटेलांत टीव्हीवर क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की तुमचा फोन फक्त तुमच्या खोलीतल्या टीव्हीशी जोडला जातो. आयफोनसाठी ही सोय २०२४ मधे आली. चांगली आहे. आजीकडे साधा बटणांचा फोन आहे.

नऊला पाच कमी असताना मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं. आजी म्हणाली, "लागलं बाई एकदाचं." बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. मी धावत खाली गेलो.

साडेनऊला आईचा फोन. टीव्ही बंद पडलाय. जिना चढून वर आलो तर लॅपटॉपचं झाकण मिटलेलं. आईने खोली आवरताना मिटलं होतं, "उगीच कशाला उघडा ठेवायचा" म्हणून. झाकण उघडलं, लॉगिनचं पान पुन्हा आलं, पुन्हा ओटीपी. लग्नाच्या पत्रिकेच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'झाकण मिटू नये', आणि ती लॅपटॉपवर टेकवून ठेवली. पुढचे दोन दिवस ती तिथेच होती. चुलतभावाला त्याचा लॅपटॉप परत मिळाला तो थेट पुण्यात आल्यावर.